मामंजींची काश्यपगोत्री मंडळी

अकाली मेलेल्या नटनट्यांची, गवयांची आणि तमाशातल्या सोंगाड्यांची जेवढी सेवा आमच्या मामंजींनी केली, तेवढी जिवंतपणी त्यांच्या सख्ख्या आईबापांनीही केली नसेल. मामंजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे. ताई त्यांना मामंजी म्हणायची म्हणून मीही म्हणू लागलो, आणि पुढे पुढे अर्धं राहाता गाव म्हणू लागलं. घराणं भिक्षुकीचं, पण हे चार बुकं शिकून साखर कारखान्यात कारकून झाले होते. भिक्षुकी सुटली तरी सुतक, श्राद्धपक्ष, तर्पण हे सगळं अंगात मुरलेलं. त्यात तरुणपणी नाटक-सिनेमाचं वेड शिरलं. ही दोन बिऱ्हाडं एकाच माणसात नांदायला लागल्यावर जे व्हायचं तेच झालं. एखादा नट ऐन उमेदीत गेल्याची बातमी वर्तमानपत्रात आली, की मामंजी वर्तमानपत्राची घडी घालत, चष्मा काढत, विहिरीवर जाऊन डोक्यावरून अंघोळ करत आणि तीन दिवसांचं सुतक धरत. मग दाढी नाही, देवाला हात लावणं नाही, ताटात गोड नाही. ताईच्या सासूबाई वैतागून म्हणत, "तिकडे मुंबईत कोण तो तलवारबाजी करणारा मेला, आणि इकडे माझा सत्यनारायण राहिला! त्याचा आपला काय संबंध?" मामंजी शांतपणे म्हणत, "संबंध नसता तर मला रडू आलं असतं का?" यावर ती माउली शिऱ्याचा रवा परत डब्यात ओतायची.

याचा कळस व्हायचा सर्वपित्री अमावास्येला. ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याला काश्यप गोत्र लावावं, अशी आपल्याकडे सोय आहे. मामंजींनी त्या सोयीचा असा काही फायदा घेतला, की दोनचार वर्षांत काश्यप गोत्रात एक आख्खी नाटक कंपनी उभी राहिली असेल. आपले वाडवडील आटोपले की ते या मंडळींकडे वळत. पाण्यात बुडून गेलेला एक बालनट, क्षयाने गेलेली एक गायिका, घोड्यावरून पडलेला एक राजपुत्राच्या भूमिकेतला नट, असे एकेकाला नावाने हाक मारून पान वाढत. गायिकेच्या पानावर आंबट नसे, तिचा गळा बिघडेल म्हणून. ताई मला म्हणाली होती, "अरे, आमच्या आजेसासऱ्यांना एक वडा मिळतो आणि त्या राजपुत्राला तीन!" मी हे एकदा मामंजींना हसत हसत विचारलं. ते म्हणाले, "आमचे वडील ऐंशी वर्षं जेवले. त्या पोराचं वय होतं का जायचं?"

आता त्यांच्या या पंक्तीत कोणालाही प्रवेश होता असं मात्र नाही. नियम होता. चाळिशीच्या आत गेलेला असला पाहिजे. एक फार मोठा विनोदी नट साठीला गेला तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला, पण मामंजींनी त्या दिवशी श्रीखंड खाल्लं. "पोटभर जगला, पोटभर हसवलं. त्याला त्याची नातवंडं आहेत," म्हणाले. उलट एक नारदाची भूमिका करणारा नट चाळीस उलटून चार महिन्यांनी गेला, तेव्हा मामंजी फार बेचैन झाले. दोन दिवस पंचांगं चाळून शेवटी त्यांनी त्या चाळीस वर्षांतले अधिक महिने वजा केले आणि नारदाला पंक्तीत घेतला.

या सगळ्याचा त्रास जिवंत कलावंतांनाही व्हायचा. कोणी गुणी, तरणाताठा कलावंत दिसला की मामंजींच्या डोळ्यांत पाणीच यायचं. राहात्याच्या बाजाराला एकदा एक तमाशा आला होता. त्यातला सोंगाड्या पंचविशीचा, पैलवानी अंगाचा, आणि काय सुंदर बोलायचा! मामंजी पहिल्या रांगेत बसून त्याच्याकडे असे काही कळवळून पाहायला लागले की तो वाक्यं विसरायला लागला. खेळ संपल्यावर हे मागे जाऊन त्याला म्हणाले, "बाबा रे, प्रकृतीला जप. दूध पीत जा. आणि एखादा चांगला फोटो काढून ठेव, असू द्यावा." दुसऱ्या दिवशी तमाशाचा मालक कारखान्यात आला आणि साहेबांना हात जोडून म्हणाला, "तुमचं ते म्हातारं आज तंबूत येऊ देऊ नका. आमचा गडी रातभर झोपला न्हाई. म्हनतो, त्या बाबाला माजं काय दिसलं ते इचारा."

पण मामंजींची खरी कमाई म्हणजे त्यांच्या फिल्मा. एक फिरता तंबूवाला बुडाला, तेव्हा त्याचं हाताने फिरवायचं जुनं मशीन आणि कार्बाइडचा दिवा मामंजींनी बैलगाडीत घालून घरी आणला होता. फिल्मा मात्र कोणी विकत नसे. त्या मिळायच्या कासाराकडे. जुन्या सिनेमांच्या फिल्मा तेव्हा बांगड्यांसाठी विकल्या जायच्या. कासार त्यांच्या पट्ट्या कापत, वितळवत आणि बायकांच्या हातात भरत. मामंजी जत्रेजत्रेत कासारांच्या पालांवर उकिडवे बसून फिल्मांच्या गुंतवळातून एकेक पट्टी उजेडाकडे धरून पाहत. एखादा ओळखीचा चेहरा दिसला की "अहो, हा तर आपला राजपुत्र!" असं ओरडत. आजूबाजूच्या बांगड्या भरणाऱ्या बायका चमकून डोक्यावरचा पदर सावरत.

असे तुकडे जमवून, उग्र वासाच्या डिंकाने चिकटवून, मामंजी एकेका गेलेल्या कलावंताचा स्मृतिपट तयार करत. फिल्म मुकी, त्यामुळे बोलण्याचं काम त्यांचं. ओसरीवर चादर टांगायची, केडगावच्या शाळेत मी मास्तर, तर मला रविवारी मुद्दाम बोलावून घेऊन फिल्म पेट घेईल म्हणून ओली पोती हातात देऊन उभं करायचं, आणि एका हाताने मशीन फिरवत त्या माणसाचं आख्खं आयुष्य सांगायचं. जन्म, काम आणि अंत, असे तीन भाग. अंत तर असा सांगत की कारखान्यातले दांडगे फिटरसुद्धा नाक पुसत घरी जात. आणि शब्द न् शब्द खरा. मेलेल्याच्या गावी जाऊन, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून आणलेला. मला म्हणत, "मास्तर, पडद्यावर वाटेल ते खोटं चालेल. पडद्यासमोर उभं राहून खोटं बोलायचं नाही."

या नियमामुळे एक स्मृतिपट मात्र वर्षानुवर्षं अडून बसला होता. त्यातली मुलगी कोण होती हे कासारालाही माहीत नव्हतं. एक सतरा-अठरा वर्षांची मुलगी झुल्यावर बसून कॅमेऱ्याच्या पलीकडे कोणाकडे तरी बघून हसते आणि हाताच्या मनगटाने कपाळावरची बट मागे सारते. दागिन्यांनी मढलेली, पण बट सारायची ती बोटांनी नाही, मनगटाने. मामंजी म्हणत, "ही पिठाच्या हाताची सवय. ही पोर भाकऱ्या थापणाऱ्या घरची आहे." पुढे तिचे आणखी चार तुकडे मिळाले. तिचं नाव कळलं, कंपनी बुडाली हे कळलं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ती वारली असंही जो तो सांगू लागला. कुठे, कशाने, ते कोणी सांगेना. मामंजींनी तिला पान वाढायला सुरुवात केली, पण अंताशिवाय तिचा स्मृतिपट ते कोणाला दाखवेनात. रात्री जेवताना मधेच म्हणत, "पाणी तरी कोणी पाजलं असेल ना हो तिला?"

महायुद्ध संपत आलं होतं त्या सुमारास नगरच्या काही हौशी मंडळींच्या कानावर मामंजींचा लौकिक गेला. त्यांनी मोठ्या नाट्यगृहात मामंजींचा खेळ ठरवला, पुण्याची सिनेमातली माणसं बोलावली आणि सांगितलं, त्या झुल्यावरच्या मुलीचा स्मृतिपट हवा, पुरा हवा. आयुष्यभर ज्या माणसाला गावाने खुळ्यात काढलं, त्याला पहिल्यांदा शालजोडी मिळायची होती. सासूबाईंनी त्यांचा कोट उन्हात घातला. मामंजींना ना खाणं सुचे ना झोप. अडलं होतं ते फक्त शेवटापाशी. तेवढ्यात नगरच्या एका जुन्या रंगभूषाकाराकडून कळलं की ती पोर गोदावरीकाठच्या एका खेड्यातली, आणि मेली ती सोनईच्या बाजूला कुठेतरी. झालं, कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीत बसून, चढ आला की उतरून ढकलत, आम्ही दोघे सोनईला पोचलो.

सोनईत एका म्हाताऱ्या शिंप्याने आम्हाला पत्ता दिला. "त्या खेड्याची एक लेक हितं मळ्यात सून हाय. लई भली बाई. तिच्या गावचीच ती पोर, तिला ठावं असंल." मळा ओढ्यापलीकडे होता. घरधनी बाजाराला गेलेले. आत पडवीत मोतीबिंदू झालेली सासू वाती वळत होती आणि बाहेर छपराखाली सून भाकऱ्या थापत होती. पस्तिशीची, रुंद कपाळाची, उन्हाने रापलेली बाई. मामंजींनी नमस्कार करून विचारलं, "बाई, तुमच्या माहेरच्या गावची एक मुलगी सिनेमा कंपनीत गेली होती. तिची काही माहिती आहे का?" बाईचा हात थांबला. तिने मान वर केली, आणि पिठाने भरलेल्या हाताच्या मनगटाने कपाळावरची बट मागे सारली.

मी मामंजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिचे ते पाच तुकडे त्यांनी इतक्यांदा पाहिले होते की त्यांची चूक होणं शक्य नव्हतं, आणि माझीही नाही. जिचा अंत शोधायला आम्ही आलो होतो, ती आमच्यासमोर बसून भाकरी उलटत होती.

"व्हय, हुती," ती सावकाश म्हणाली. "मेली ती."

मामंजी हळूच खाली बसले. मला वाटलं, आता हे आनंदाने ओरडणार. पण ते इतकंच म्हणाले, "कशानं गेली, बाई?"

तिने आत सासूकडे एकदा पाहिलं आणि आवाज उतरवला. "तापानं. ती कंपनीत गेली त्याच दिशी तिच्या भावांनी तिच्या नावानं अंघोळ केल्ती, बाबा. म्हंजी त्यांच्या लेखी तवाच मेली. कंपनी बुडाली तवा माघारी आली, तर दार न्हाई उघडलं. मग हिकडं आली, आन् मेली. झालं." मग जरा थांबून म्हणाली, "माज्या लेकीचं लगीन ठरलंय वैशाखात. सोयरं मोठं हायती, कडक हायती. माज्या माहेराचं नाव असल्या गोष्टीत निघालं तर सोयरीक मोडंल. तुमी शाणं हायसा. मेलेली हाय ती, मेलेली ऱ्हाऊ द्या."

मामंजींनी मान डोलावली. त्या एका मान डोलावण्यात नगरचं नाट्यगृह, पुण्याची माणसं आणि ती शालजोडी सगळं गेलं, हे मला दिसत होतं. जिवंत सापडली म्हणून सांगितलं असतं तर त्यांचं नाव वर्तमानपत्रात आलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "शेवटी तिला त्रास नाही ना झाला?"

"न्हाई. सुखात गेली."

"पाणी?"

"पाजलं की. " तिने आत सासूकडे मान वळवली. "आत्याबाईंनी पाजलं. कोन कुठली न इचारता पाजलं."

मामंजींच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं. मग त्यांच्यातला भिक्षुक जागा झाला आणि ते एकदम घाबरून म्हणाले, "अहो, पण माझ्याकडून फार मोठा प्रमाद झाला! मी दर सर्वपित्रीला तिला पान वाढतो हो. काश्यप गोत्र सांगून. आज सात-आठ वर्षं!"

जिवंत माणसाच्या नावाने पितरांचं पान वाढल्यावर दुसरं कोणी चिडलं असतं. बाई म्हणाली, "काय काय वाढता?"

"वडे, खीर, अळूची भाजी. आमसुलाची चटणी."

"मला..." म्हणता म्हणता ती थांबली. "तिला खीर लई आवडायची. सख्ख्या भावांनी टाकली, आन् तुमी न बघता, न वळखता दरसाल जेवू घातलं. आता हितं जेवल्याबिगर जायचं न्हाई." परक्या घरी पाणी प्यायचं तरी आधी तांब्याची चौकशी करणारे आमचे मामंजी निमूट पाटावर बसले आणि तिच्या हातची भाकरी न् पिठलं जेवले. हात धुताना मला हळूच म्हणाले, "मास्तर, आजवर मी पितरांना वाढलं. पितर उलटून वाढतंय, हे शास्त्रात कुठेच नाही."

निघताना ती बांधापर्यंत आली. मामंजींनी न विचारताच ती बोलली, "तिनं सोताला पडद्यावर कवाच न्हाई पाह्यलं, बाबा. शिनेमा लागायच्या आदी कंपनी बुडाली." एवढं बोलून ती वळली आणि भराभरा घराकडे गेली.

परत आल्यावर मामंजींनी नगरच्या मंडळींना कळवून टाकलं की शेवट मिळाला नाही, खेळ होणार नाही. मंडळी रागावली. राहात्यात लोक म्हणाले, म्हाताऱ्याच्या थापा होत्या सगळ्या. सासूबाईंनी कोट परत ट्रंकेत ठेवला. मामंजी मात्र कशातच नव्हते, ते मशीनला तेल घालत होते. पुढच्या आठवड्यात आम्ही ते बैलगाडीत घालून पुन्हा सोनईला नेलं. निमित्त काय, तर देवाच्या फिल्मा, फुकट, खास बायकांसाठी. बायकांना रात्री बाहेर पडता येत नाही म्हणून खेळ भर दुपारी ठेवला. देवळाच्या सभामंडपाला चारी बाजूंनी घोंगड्या लावून अंधार केला. आत असं उकडत होतं की मारुती उड्डाण करताना दिसला तेव्हा सगळ्यांना त्याचा हेवा वाटला असेल. मला मात्र एकच दिसत होतं: तिला कोणी ओळखलं तर पोरीचं लग्न गेलं. मी मामंजींना म्हटलं, "नको हो, मारुतीवर भागवा." ते म्हणाले, "तिनं बघायचं म्हटलंय." तिने तसं म्हटलं नव्हतं, पण मी पोती ओली करायला घेतली.

ती मागच्या खांबापाशी सासूला घेऊन बसली होती. मशीन त्या खांबालगतच होतं आणि मी ओली पोती घेऊन तिथेच उभा होतो. मारुती संपला आणि चादरीवर झुला आला.

मामंजी सांगू लागले. पण नेहमीचा खणखणीत आवाज नव्हता, घरातल्या कोणाविषयी बोलावं तसे बोलत होते. ती नदीकाठच्या खेड्यात जन्मली, ती किती गोड हसायची, तिने काम कसं केलं; नावगाव तेवढं गाळलं. पुढच्या बायका कुजबुजल्या, "पावडर किती फासलीया गं!" कोणाचीही मान मागे वळली नाही. समोरच्या त्या नटलेल्या पोरीचा आणि खांबाशी बसलेल्या बाईचा काही संबंध असेल हे कोणाच्या स्वप्नातही येण्यासारखं नव्हतं. मग सासूचा आवाज आला, "काय दिसतंया गं? मला सांग की."

"पोरगी हाय एक, आत्याबाई. झुल्यावर बसलीया."

"देखनी हाय का?"

"हाय. म्हंजी... बरी हाय की."

"काय करती?"

"हसती."

"कुनाला हसती?"

"कुनाला न्हाई. तशीच हसती. तिला वाटतंय, समदं चांगलं हुनार हाय."

मामंजी अंतावर आले. जिचं मरण तिनेच सांगितलेलं, तेव्हा ते खोटं कसं, असं त्यांनी वाटेत स्वतःची समजूत घालताना मला दहादा ऐकवलं होतं. ती तापाने गेली, म्हणाले. माहेराने दार लावलं, पण एका परक्या माउलीने, कोण कुठली न विचारता, तिला पाणी पाजलं. सुखाने गेली. सभामंडपात बायकांची मुसमुस सुरू झाली. खांबाशी बसलेली ती पदराचा बोळा तोंडात घालून रडत होती. इतक्या सगळ्यांत तिलाही रडायला कोणाची चोरी नव्हती.

म्हातारीने चाचपडत तिचा खांदा शोधला. "रडू नगं गं. कुनाची लेक हुती बिचारी." आणि मग थोड्या रागानेच म्हणाली, "आपल्या घरला आली असती ना, म्या न्हाई मरू दिली असती."

"व्हय, आत्याबाई," ती म्हणाली, आणि तिने सासूच्या मांडीवर डोकं टेकलं.

मी मशीनकडे पाहिलं. फिल्म केव्हाच संपली होती. चादरीवर नुसता उजेड होता आणि मामंजी मशीन फिरवतच होते. घोंगड्या काढून उजेड करायला मी निघालो, तर त्यांनी मान हलवून मला थांबवलं. म्हणाले, "थांबा, मास्तर. तिला डोळे पुसू द्या."